निळ्या कोटातले आजोबा

एर्लेनाउ, बुधवार, १० सप्टेंबर १९८६

तीर्थरूप लेबरेख्तमामांना रोझवीटाचा वाकून नमस्कार,

तुमचा गुडघा कसा आहे? मारबुर्गच्या पायऱ्यांवर अजून कुरकुरतो, की डॉक्टरांच्या धाकाने गप्प बसलाय? आई ठणठणीत आहे. तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे आणि हे ती दर दोन दिवसांनी मला ऐकवते.

तुमचं अकरा पानी पत्र मिळालं. कसे आभार मानू कळत नाही. (तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा शोकसभेतल्या भाषणासारखं झालं.) चर्चच्या वर्धापनदिनाला गावातल्या घराघरांतले, कैसरच्या फौजेतल्या शिपायांचे हाताने रंगवलेले फोटो मांडायचे ठरले, तेव्हा 'गणवेश ओळखून चिठ्ठ्या कोण लिहिणार' या प्रश्नावर सभेत एकच हात वर गेला आणि तो माझा होता. कॉलेजात इतिहास शिकले, पण कैसरच्या फौजेत कोट किती प्रकारचे होते हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, 'मला हे येतं, की येतं असं दाखवायचंय?' उत्तरासाठी दोन ओळी सोडल्या. त्या अजून कोऱ्या आहेत.

तुम्ही चाळीस वर्षं शिंपीकाम केलेलं, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही लिहिलंत की रंगाकडे बघूच नकोस, रंगवणाऱ्याने तो माणूस कधी पाहिलेला नसतो. त्या काळच्या फोटोच्या काचेवर लाल काळा यायचा, निळा फिकट यायचा, आणि मग फोटोमागे पेन्सिलीने जे लिहिलं असेल ते तो बिचारा रंगवायचा. आधी कफ बघ. साध्या पायदळाच्या कफावर एकाखाली एक तीन बटणं, जेगरांच्या, म्हणजे हिरव्या कोटातल्या नेमबाजांच्या, कफावर दोन, शेजारी शेजारी. हे वाक्य मी स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवलं.

या ज्ञानाचा पहिला बळी डिपेलबाई. बेकरीत त्यांच्या आजोबांचा फोटो साठ वर्षं गल्ल्यावर आहे, कॅप्टनसाहेब म्हणून. गिऱ्हाइकं पावाआधी त्यांना मान देतात. मी भिंग लावलं, तर कॉलरवरच्या सोनेरी ठिपक्याखाली पोस्टाचं शिंग निघालं. कॅप्टनसाहेब टपाल वाटायचे. मी हे बाईंना हळुवारपणे सांगितलं. (निदान माझ्या मते हळुवारपणे. दुकानात सात माणसं होती हे नंतर लक्षात आलं.) बाई एवढंच म्हणाल्या, "रोझवीटा, तुला कोणी विचारलं होतं गं?" तेव्हापासून मला कालचा पाव मिळतो. खरं सांगणं आणि खरं मिरवणं यांत माझ्या हातून काय झालं, यावर डायरीत चार पानं आहेत. ती तुम्हाला पाठवत नाही.

मग सोमवारी आपल्या घरातला फोटो घेतला. सोफ्याच्या वर भिंतीवरचे ते निळ्या कोटातले कॉनराडआजोबा, ज्यांना आई रोज सकाळी पडदा उघडताना 'गुटन मॉर्गन, पपा' म्हणते. ती जन्मली त्याच्या दोन महिने आधी ते पहिल्या महायुद्धात गेले, तेव्हा तिच्यासाठी वडील म्हणजे तेवढी काच. चिठ्ठी ती स्वतः सांगून बसली होती: 'कॉनराड वाइगांट, पायदळ.' नियम म्हणून मी कफ पाहिला. दोन बटणं, शेजारी शेजारी.

चष्मा पुसला. पुन्हा दोनच. आई बागेत प्लम वेचत होती, म्हणून चोरासारखी चौकट उघडली. मागे आजीच्या अक्षरात पेन्सिलीने होतं: 'कोट हिरवा आहे, तो निळा करावा. डोळे तपकिरी असू द्यावेत.'

मामा, हिरवा कोट आपल्या घराण्यात एकाचाच होता, तुमच्या वडिलांचा, म्हणजे कॉनराडआजोबांच्या भावाचा, अल्बिनआजोबांचा. आजीकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता, पोटात मूल होतं, आणि दोघे भाऊ दिसायला सारखे. तुमच्या आईने तुमच्या वडिलांचा घरातला एकुलता फोटो देऊन टाकला. अल्बिनआजोबा रजेवर येतील, दुसरा काढू, असं तेव्हा वाटलं असणार. ते आलेच नाहीत.

तुम्हाला हे माहीत आहे, हे मला तुमच्याच पत्रातून कळलं. अकरा पानांत तुम्ही गावातल्या प्रत्येक कफाची चौकशी केलीत, आणि आपल्या फोटोबद्दल लिहिलंत, 'तो काही बघायला नको, ओळखीचा आहे.' मग आठवलं की इतकी वर्षं दर रविवारी बसने येऊन तुम्ही दाराजवळच्या, वारा लागणाऱ्या खुर्चीत बसता. सोफ्यावर या म्हटलं तर पाठ दुखते म्हणता. त्या खुर्चीतून समोर फक्त तो फोटो दिसतो. आणि आईला म्हणता, "तुझे वडील रुबाबदार होते हं, ओटी." तुमच्या स्वतःच्या वडिलांकडे बघत. याचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षीही येत नाही.

तब्येत सांभाळा. बसमध्ये मागच्या बाजूला बसू नका, तिथे धक्के बसतात.

तुमची भाची,
रोझवीटा

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. रविवारी प्रदर्शन आहे आणि मला चिठ्ठीवर धडधडीत खोटं लिहायचंय: 'कॉनराड वाइगांट, पायदळ.' वडील तुमचे आहेत, म्हणून परवानगी तुमची हवी. डिपेलबाईंच्या आजोबांना मी आजच 'कॅप्टन (टपाल खात्यातील)' केलं. ताजा पाव मिळाला.

ता. क. २. पाकीट बंद करणार तोच आई आली, चौकट उघडी बघून म्हणाली, "आत्ता कळलं होय तुला? मला चौदाव्या वर्षी, चर्चमध्ये कन्फर्मेशन झालं तेव्हाच कळलं होतं. ते कान बघ की, लेबरेख्तचेच आहेत. त्याला मात्र बोलू नकोस हं. मला माहीत नाही असं त्याला वाटतं. कळलं तर संकोचाने यायचा बंद होईल, आणि मग त्याने आपल्या वडिलांना बघायचं कुठे?" मी शब्द दिला, आणि तो इथेच मोडतेय. हे पत्र बंबात टाका. रविवारी प्रदर्शनातून फोटो चार वाजता घरी परत येईल, खुर्ची जागेवरच असेल. केकचा मोठा तुकडा मिळाला तर कारण विचारू नका.