गडद निळं कापड

ता. ११ मे, दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तू खुशाल असशीलच. नसतीस तर पत्रात साहेबांच्या बढतीला एवढी जागा मिळाली नसती. तुझ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. बँकेत त्यांना स्वतंत्र केबिन मिळाली हे वाचून बरं वाटलं. घरात ती त्यांनी पहिल्यापासूनच करून घेतली होती.

इकडे मी बरी आहे आणि शिलाईचं मशीनही बरं आहे. दुकानासमोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय, त्यामुळे गिऱ्हाइकं फळीवरून तोल सांभाळत येतात आणि आत आल्यावर धुळीबद्दल मलाच बोलतात. पलीकडचा चष्मेवाला दुकान हलवणार म्हणतो. तो ते नेहमीच म्हणतो. तुझ्या लेकीबद्दल, खारूबद्दल, पुढे लिहिते.

आधी तुझ्या पत्राचं. एरवी तुझं पत्र "ताईस, सप्रेम" असं सुरू होतं आणि पान उलटायच्या आत संपतं. या वेळी एकदम "माझी लाडकी ताई". मी पाकीट उलटून पत्ता पुन्हा वाचला. मग लक्षात आलं, मामेभावाच्या वाढदिवसाचे फोटो तुझ्यापर्यंत पोचलेत आणि त्यात मी बिनबाह्यांच्या ब्लाउजात उभी आहे. "ताई, तुझे हात किती छान दिसताहेत, अगदी लहानपणीसारखे." माझे हात तू शेवटचे कधी पाहिलेस गं? मी तुझ्याकडे आले की तू हातांकडे बघायचं टाळायचीस आणि माझ्या कपावर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचीस.

तो निळ्या काठाचा कप. ओट्याखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीशेजारी राहायचा. मी आले की तो बाहेर यायचा आणि बाल्कनीत प्लास्टिकची खुर्ची पडायची. "ताईला मोकळी हवा आवडते," असं तू साहेबांच्या मित्रांना सांगायचीस. मी निघाले की त्या खुर्चीवर गरम पाणी ओतलेलं मला जिन्यात ऐकू यायचं. आणि इतक्या वर्षांत तू त्या आजाराचं नाव एकदाही घेतलं नाहीस. "तुझं ते कसं आहे?" असं विचारायचीस. सोरायसिस म्हणताना ओठांना लागेल अशी भीती होती की काय, देव जाणे.

नाव घेतलं नाहीस, पण उपाय मात्र भरपूर पाठवलेस. मीठ सोड, आंबट सोड, चिंता सोड. साहेबांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी काकूंना गुण आलेलं हिरवं मलम पाठवलंस, त्यानं माझ्या तीन चादरी गेल्या. एकदा तर रक्त शुद्ध करणाऱ्या गोळ्या आल्या. माझं रक्त अशुद्ध आहे हे तुला कोणत्या परीक्षेत कळलं, ते मी विचारलं नाही. तेव्हा मी तुझ्याशी फार सभ्यपणे वागायचे.

आता पत्राच्या शेवटी, साहेबांच्या केबिनीनंतर आणि नव्या पडद्यांनंतर, तू लिहितेस, "सहज विचारते, एका मैत्रिणीसाठी, तुला नक्की कशानं गुण आला?"

मैत्रिणीसाठी ना, मग नीट ऐक आणि मैत्रिणीला नीट सांग. इथल्या मोठ्या दवाखान्यात त्वचेची एक डॉक्टरीणबाई आहे. वयानं खारूएवढी दिसते आणि बोलते मात्र शाळामास्तरासारखी. तिनं मला समजावलं ते असं, की आपल्या अंगात पहारेकरी असतात आणि माझ्या अंगातले डोक्यावर पडलेत. त्यांना माझीच कातडी शत्रू वाटते. ते सारखा इशारा देत राहतात, कातडी घाबरून घाईघाईनं नवी तयार होते, आणि जुनी पडायच्या आत नवी वर आली की चट्टे आणि खवले. पूर्वीची औषधं सगळ्याच पहारेकऱ्यांना बडवायची. आता अशी इंजेक्शनं निघालीत की ती तो एकच इशारा अडवतात, बाकीच्यांना कामाला लागू देतात. आधी टीबी वगैरे लपून बसलेला नाही ना, ते तपासतात. सुरुवातीला सुया जवळजवळ, मग दोन-तीन महिन्यांतून एक. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, मला आला. आजार गेलेला नाही, आवरलेला आहे. हे ती तीन वेळा बोलली, कारण पेशंट हेच ऐकत नाहीत म्हणे.

तिथल्या बाकावर बसलं की कळतं, आपण उगीच एकट्या होतो. एक न्हावी येतो, त्याच्या चेहऱ्यावर पांढरे डाग होते; त्याला लावायचं नवं मलम दिलंय आणि गालावर रंग परत येतोय. तो आरशासमोरच पोट भरतो, तरी म्हणतो आत्ता कुठे आरसा बघावासा वाटतो. एक आई तिच्या इसब झालेल्या मुलीला घेऊन येते. पोर खाजवून खाजवून रक्त काढायची, आता इंजेक्शनावर झोपते, आणि आईच जागी राहते सवयीनं. हे सगळं आपल्याच हयातीत झालं, धाकटे, आणि तू अजून खुर्चीवर गरम पाणी ओतत बसली आहेस.

आता तुझ्या पार्सलाचं. खारूचं लग्न ठरलं आणि लग्नाचा ड्रेस ताईनंच शिवावा असं तुला वाटलं, याचं मला आधी कौतुक वाटलं. मग मी तुझ्या सूचना वाचल्या. बाह्या मनगटापर्यंत. कॉलर उंच, कानामागे जाईल अशी. पाठ बंद. आतून सगळीकडे मऊ सुती अस्तर. आणि रंग सायीचा, "गडद अजिबात नको".

भर उन्हाळ्यातलं लग्न. ज्या मुलीनं पाळण्यातून उतरल्यापासून गडद निळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावला नाही, तिला साय. अगं, तू हे कुणाला लिहिते आहेस याचा तरी विचार करायचास. तो बेत माझाच आहे. उंच कॉलर केसांच्या कडेचे चट्टे झाकायला, अस्तर शिवण टोचू नये म्हणून, आणि फिकट रंग कशासाठी ते तर तुझी मैत्रीणही सांगेल. गडद कापडावर खांद्याशी कोंडा दिसतो. मी वर्षानुवर्षं स्वतःसाठी तोच ड्रेस शिवलाय. जगात इतके शिंपी असताना तू तो माझ्याकडेच पाठवलास. तुला अक्कल कमी आहे हे माहीत होतं, पण आहे तीही वापरताना इतकी काटकसर करतेस हे माहीत नव्हतं.

मी खारूला फोन केला. इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"कोपरावर की पाठीवर?" म्हटलं.

"दोन्हीकडे, मावशी," ती म्हणाली.

तर आता लिहितेच. तुला सांगितलं तशी खारू ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलेली नाही. ती रविवारपासून इथे आहे, आत्ता आतल्या खोलीत माझ्या पलंगावर झोपली आहे, लहानपणीसारखी उशीखाली माझी बटणं घेऊन. या वयात. तिला खारू म्हणायला मीच सुरुवात केली होती, आठवतं का? माझ्या डब्यातली बटणं गालात भरून पळायची.

ती इथे आली ते चट्ट्यांमुळे नाही. केमिस्टकडून न विचारता आणलेलं जहाल मलम तू तिला महिनोन्महिने चोळायला लावलंस, मग कुणीतरी घाबरवलं म्हणून एकदम बंद केलंस, आणि होतं त्याच्या दुप्पट उसळलं, तेही तिनं सोसलं. ती आली ती टॉवेलमुळे. सकाळी न्हाणीघरात गेली तर तिचा टॉवेल तिथे नव्हता. बाल्कनीत, वेगळ्या खिळ्यावर होता. तिनं तुला काही विचारलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आल्यावर तिनं मला एकच विचारलं. ते तुला सांगायचं की नाही, यावर विचार करत मी मशीन बंद करून बसले होते. सांगते.

"मावशी, मी लहानपणी तुझ्या कपातून प्यायले होते. त्यामुळे झालं का?"

तो दिवस तुलाही आठवत असेल. तिनं निळ्या काठाच्या कपातून एक घोट घेतला आणि तू तिचं तोंड साबणानं धुतलंस, माझ्यासमोर. ती रडत होती आणि मी चपला घालत होते. ते पोर एवढी वर्षं तो घोट पोटात घेऊन हिंडलं. माझ्याकडे हसत यायचं, मला मिठी मारायचं, आणि आत कुठेतरी धरून चाललं होतं की या बाईकडून एक दिवस आपल्याला होणार. हे तू केलंस. मला तुझा राग नेहमीच येत आला, पण या एका गोष्टीसाठी मला तुझी घृणा आली. तशीच लिहिते.

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिच्याच तोंडावर सांगितलं, हे कपानं, टॉवेलानं, खुर्चीनं, मिठीनं होत नाही. घराण्यात असतं. असलं म्हणून होतंच असंही नाही. कुणाला होतं, कुणाच्या अंगातून न दिसता पुढे जातं. मग विचारलं, आजीला होतं का?

धाकटे, आईनं उभ्या जन्मात कोपर दाखवलं नाही. भर उन्हाळ्यात चुलीपुढे लांब बाह्या. आपण म्हणायचो, आई फार सोवळी. तिचं अंथरूण झटकल्यावर पांढरं काय पडायचं, ते तुलाही माहीत आहे, कारण झटकायची पाळी तुझी असायची. तेव्हा खारूला हे माझ्या कपातून आलं नाही. आईकडून आलं आणि तुझ्यातून गेलं. त्या खुर्चीवर गरम पाणी ओतत होतीस ना, थोडं स्वतःवरही ओतायचंस.

तिची तपासणी झाली. तिला एवढ्यात इंजेक्शन लागेल असं नाही. आधी नीट देखरेखीखाली मलम आणि दवाखान्यातल्या खास दिव्यांच्या उजेडाचे उपचार, मग बघू म्हणाल्या. लग्नापर्यंत सगळं जाईल असा शब्द कुणी दिलेला नाही.

आणि नवऱ्या मुलाला तिनं सांगितलं. इथेच, दुकानातल्या स्टुलावर बसून, बाह्या वर करून. तो त्याची आई काय म्हणेल असं काहीतरी पुटपुटला. मला तो ठोंब्या वाटला. पण दुसऱ्या दिवशी आपणहून दवाखान्यात आला, न्हाव्याशेजारी बसला आणि डॉक्टरीणबाईंना विचारण्यासारखे प्रश्न विचारले. त्यामुळे माझं मत मी तूर्त राखून ठेवलंय. लग्न मोडायचं असेल तर ते ती दोघं मोडतील. तू बाह्या लांब करून ते वाचवायची गरज नाही.

तुझं सायीच्या रंगाचं कापड परत पाठवते आहे, पडद्यांना चालेल. खारूनं काल गडद निळं आणलं. बाह्या कोपराच्या वर, गळा मोकळा. मी तिला सांगितलं, कोंडा दिसेल. ती म्हणाली, दिसू दे, झटकता येतो. मी आज सकाळी कापड बेतून कापलंसुद्धा, तेव्हा यावर आता चर्चा नको.

शनिवारी पहिली फिटिंग आहे. मुलीच्या आईनं त्या वेळी असावं, आणि खारूनं तसं म्हटलंय. मी म्हटलं नसतं. फळीवरून जपून ये. आतल्या खोलीत बसायला जागा आहे, बाल्कनी मला नाही. आल्यावर तिला "तुझं ते" म्हणू नकोस, नावानं विचार. जमत नसेल तर वाटेत पाठ करत ये. कप सगळे एकसारखे आहेत, त्यातला कुठला माझा आणि कुठला तिचा हे आम्हालाही सांगता येत नाही. तुला त्यातल्याच एकात चहा मिळेल. तू पितेस की नाही ते ती बघत असेल, एवढं लक्षात ठेव.

आईची थोरली,
तुझी ताई