चाकांखालचे ठोकळे

गुरुवार, १२ नोव्हेंबर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. चाळिशीला टेकलीस तरी मी बाळच म्हणणार, त्याला इलाज नाही. तू, जावईबापू आणि आपली भिंगरी खुशाल असाल असं धरून चालतो. दोन वर्षं तसं धरूनच चाललोय.

माझं बरं आहे. कॅम्पर अजून तळ्याकाठच्या त्याच तळावर उभी आहे, सात नंबरच्या जागेत. छताची गळती परवा बंद केली. तुझ्या आईबरोबर फिरायचं म्हणून घेतलेली गाडी. आता तीच माझं घर, आणि पलंगाच्या तिच्या बाजूला धुतलेल्या कपड्यांची चळत पडलेली असते. थंडी सुरू झाल्यापासून आजूबाजूच्या जागा रिकाम्या झाल्यात. काल दिवसभरात मी स्वतःचा आवाज एकदाच ऐकला, डबा उघडताना बोटाला पत्रा लागला तेव्हा. तळावरच्या व्यवस्थापकबाई सकाळी डोकावून जातात. मी आहे की गेलो ते बघायला येत असाव्यात.

गुडघा ठीक. चष्म्याचा नंबर वाढला.

माझं लायसन्स गेलं. वर्षभरासाठी. कुणाकडून तरी तुझ्या कानावर आलंही असेल. सत्तावीस वर्षं अख्ख्या गावाला क्लच आणि ब्रेक शिकवणाऱ्या मास्तरचं लायसन्स, आणि तेही उभ्या गाडीत! हस हवं तर. आधी वकीलसुद्धा हसले होते.

सतरा सप्टेंबरची दुपार. पाऊस लागलेला. मी घेतली होती. किती ते विचारू नकोस, बाटलीत काही उरलं नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटवर बसलो होतो, इंजिन चालू. तळ्याचं पाणी चढत होतं म्हणून एक पोलीसबाई जागोजाग सांगत फिरत होत्या. त्यांनी काच वाजवली. मी काच खाली केली आणि वास त्यांच्या तोंडावर गेला असणार.

"काका, इंजिन चालू आहे आणि तुम्ही प्यायलेले आहात."

"बाई, हे घर आहे माझं. माणसानं आपल्या घरातसुद्धा प्यायची नाही?"

"मागे पलंगावर असतात तर मी पाण्याचं सांगून निघून गेले असते. घराला स्टिअरिंग नसतं, काका."

मग नळीत फुंकणं, कागदावर सही, सगळं रीतसर. गाडी तसूभर हलली नसली तरी नशेत तिचा ताबा घेऊन बसणं हाच इथे गुन्हा. हे मी शिकाऊ पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो, तरी बाईंपुढे कायद्यावर भाषण ठोकलं.

वकील म्हणाले, "मास्तर, ही केस आपली. गाडीत तुम्ही राहता. थंडी वाजली, हीटरसाठी इंजिन लावलं. चाकांखाली ठोकळे होते. चालवायचा विचारच नव्हता, एवढं पटवलं की सुटलात. तुम्ही फक्त मान हलवायची."

मी महिनाभर मान हलवायचा सराव केला.

न्यायाधीशबाईंनी साधंच विचारलं, "त्या दिवशी गाडी कुठे न्यायची होती का?" वकिलांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

बाळ, तारीख वाचून तुला कळलं असेलच. भिंगरीला आठवं लागलं त्या दिवशी. साडेतीनला तिची शाळा सुटते. फाटकाशी उभं राहायचं, तिला कॅम्परमध्ये बसवायचं आणि एक चक्कर मारून आणायचं, असं मी ठरवलं होतं. तुला न विचारता. ठोकळे मीच काढले होते, चिखलात गुडघे टेकून. गिअरला हात घातला आणि काच वाजली. त्या बाई पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या, तर शाळा सुटायच्या वेळी मी त्या रस्त्यावर असतो. सगळी पोरं फाटकाबाहेर सांडलेली असतात गं तेव्हा.

"हो," मी म्हणालो. "नातीला आणायला निघालो होतो." वकिलांनी फाईल मिटली.

दोन वर्षांपूर्वी तू मला दारातूनच परत पाठवलंस. "बाबा, तुमच्या तोंडाला वास येतोय, तिला तुमच्या गाडीत बसवणार नाही." आणि मी शेजारीपाजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणालो, "तुला स्टिअरिंग धरायला मी शिकवलं, मला अक्कल शिकवू नकोस." मग आईच्या फोटोवरून जे बोललो ते इथे लिहवत नाही. तुला पाठ असेल.

तुझं खरं होतं. एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली, त्यातही सकाळपासून तीन कागद फाडले.

गाडीची चावी व्यवस्थापकबाईंकडे देऊन ठेवली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दवाखान्यात दारू सोडणाऱ्यांची बैठक असते, तिथे चालत जातो. एकोणीस दिवस झाले. मध्ये एकदा घसरलो, म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मला बोलाव असं लिहीत नाहीये. फक्त भिंगरीनं विचारलं, तर आजोबा फार लांब गेलेत असं सांगू नकोस. मी तासाभराच्या वाटेवर आहे. का येत नाहीत ते तिला खरं सांग. त्यात मी वाईट दिसलो तर दिसू दे.

तुझा बाबा,
आणि तू म्हणशील त्या दिवसापासून तिचा आजोबा