संदर्भासाठी साहेबांचं नाव

३ मार्च, सोमवार
ठरलं. महिनाअखेर या स्टोअरमधून बाहेर. सोळा वर्षं जिन्याखालची ही खोली, खिडकी नाही, भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर. पंप बनवणाऱ्या या कारखान्यात पंप सोडून बाकी सगळं माझ्या ताब्यात: नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला माल न्यायला येणाऱ्यांच्या बुटांवरून कळतं. कोपऱ्यावरच्या कंपनीला स्टोअर मॅनेजर हवाय. मुद्दाम जाऊन पाहिलं, त्यांच्या स्टोअरला दोन खिडक्या आहेत. रेझ्युमे आजच लिहिणार.

संध्याकाळी
फाँट निवडला. पाया पक्का हवा.

५ मार्च
रेझ्युमे तयार. चार ओळी. नाव, पत्ता, शिक्षण, 'सोळा वर्षे स्टोअर'. बायकोने वाचून विचारलं, उरलेलं पान किराणा लिहायला घेऊ का? तिला डिझाइन कळत नाही.

६ मार्च
भाचीला बोलावलं. तिला नुकतीच नोकरी लागलीय, म्हणजे विषय ताजा. म्हणाली, मामा, नुसती कामं लिहू नकोस, त्यातून काय साधलं ते लिही. एका पानात बसव. आणि जे करत नाहीस ते अजिबात लिहू नकोस. पहिला मुद्दा एकदम पटला.

९ मार्च, रविवार
दिवसभर लिहिलं. आपल्या लोकांना स्वतःचं काम मांडताच येत नाही. गेल्या वर्षी कचऱ्याच्या डब्याने पेट घेतला, त्यावर मी हातातला चहा ओतला. म्हणून 'अग्निसुरक्षा प्रमुख'. नवीन कामगारांना वॉशरचे साइझ समजावतो, म्हणून 'प्रशिक्षणाची संपूर्ण धुरा'. परदेशी पाहुणे एकदा टॉयलेट शोधत स्टोअरमध्ये शिरले, त्यांना मी बोटाने दिशा दाखवली. 'परदेशी ग्राहकांशी थेट संवाद'. शेवटी ठळक अक्षरांत: 'माझ्याशिवाय स्टोअर चालू शकत नाही'. खोटं एक अक्षर नाही. दोन पानं झाली. वाचून मलाच या माणसाला भेटावंसं वाटलं.

१० मार्च
अर्जात 'संदर्भासाठी व्यक्ती' असा रकाना आहे. भाची फोनवर ओरडलीच, सध्याच्या साहेबांचं नाव टाकू नकोस. पण मला दुसरं ओळखतं कोण? सोळा वर्षांत साहेब माझ्यावर एकदाही रागावलेले नाहीत. (स्टोअरमध्ये ते एकदाच आलेत, आणि तेव्हा लाइट गेले होते.) म्हणजे मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. टाकलं नाव. बायको म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, मूठ उघडल्याशिवाय शेकहँड कसा करणार? हे वाक्य इंटरव्ह्यूत वापरायचं.

१२ मार्च
अर्ज पाठवला. टेबलाचे खण आवरले. निरोपाचं भाषण तयार. आवंढा गिळायची जागा अधोरेखित केली.

१५ मार्च
उत्तर नाही. निवड करायला त्यांना वेळ लागणारच, माझ्या तोडीचा दुसरा शोधत असतील.

१८ मार्च, सकाळी ११
साहेबांनी वर बोलावलंय. शिपाई म्हणाला, टेबलावर तुमचा फोटो लावलेले कागद आहेत. तिकडच्यांनी चौकशीसाठी रेझ्युमेच पाठवून दिला वाटतं.

११.४०
साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर फार बरं झालं असतं. म्हणाले, एवढा गुणी माणूस आपल्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं, तुम्हाला उगाच खाली कुजवलं. चहा मागवला. मला भरून आलं. मग म्हणाले, तिकडे कळवलंय, हा माणूस आम्ही सोडत नाही. पगाराचं विचारलं तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

१९ मार्च
नोटीस बोर्डावर माझं नाव तीनदा. अग्निसुरक्षा. प्रशिक्षण. परदेशी पाहुणे. स्टोअरही माझ्याकडेच, कारण ते माझ्याशिवाय चालत नाही. साहेबांनी ती ओळ मला वाचून दाखवली. बायको म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. पोट धरून हसली. मग हळूच विचारलं, आणि त्या खिडक्या?

२४ मार्च
पहिली फायर ड्रिल. मी शिट्टी वाजवली. सगळे बाहेर पळाले, उन्हात गप्पा मारत उभे राहिले. नियमाप्रमाणे प्रमुखाने सगळ्यांत शेवटी निघायचं. दारातून मोजले तर दोघं कमी भरले, त्यांना शोधायला आत फिरलो. ते बाहेरच होते. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा सगळे आत यायला लागले होते. गर्दीने मलाही आत ढकललं.

३१ मार्च
महिनाअखेर. भाचीने दुसरी जाहिरात पाठवलीय. रेझ्युमे उघडला. आता त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. अर्ज भरत भरत संदर्भाच्या रकान्यापर्यंत आलो. साहेबांशिवाय मला अजूनही कुणी ओळखत नाही. फाइल बंद केली.

बाहेर पाऊस असावा. आत्ता बेअरिंग न्यायला आलेल्याचे बूट ओले होते.