मामांचा जॅकपॉट

प्रिय मामा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. घरी आलेलं प्रत्येक पत्र मामी मोठ्यानं वाचते.

आई नाही म्हणून माझ्या बाळंतपणाला तुम्ही इकडे ऑस्ट्रेलियात, मॉसन लेक्सला आलात. गुडघ्यांमुळे मामी नाशिकलाच राहिली आणि तेवढ्यात करोनानं विमानं बंद झाली. क्लब पुन्हा उघडले तसे तुम्ही रोज तिथल्या पोकीच्या, म्हणजे जुगाराच्या मशीनसमोर बसायला लागलात.

एकदा तुम्हाला घरी न्यायला मी क्लबात आले, तर म्हणालात, "सुखदा, जॅकपॉटचा आकडा रोज चढतोय. आता पडणारच. मग अख्खं विमान भाड्यानं घेऊन घरी जातो."

"मामा, सगळ्यांच्या डावातला थोडा हिस्सा त्यात जातो, म्हणून तो फुगतो. तुमची संधी दर वेळी तेवढीच, लाखांत एखादी."

"म्हणजे मी इतका थांबलोय, ते याला कळतच नाही?"

"नाही, मामा."

तुम्ही उठलात. गाडीत बसून मामीला फोन लावलात. "करमत नाही गं तुझ्याशिवाय," म्हणालात आणि दोघंही रडलात. मी समोरच्या काचेतून उगाचच पार्किंगकडे बघत राहिले.

नंतर क्लब सुटला. फोनवर मामीशी भांडत तुम्ही भाज्या चिरायचात, बाळ तुमच्या आवाजानं झोपायचं. सप्टेंबरात, अडकलेल्यांना भारतात नेणाऱ्या खास विमानात तुम्हाला जागा मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पण मला मनातून ती मिळायला नको होती, मामा.

तुमचीच,
सुखदा