श्वास कुठे घ्यायचा

बा, गेल्या महिन्यात मी मुंबईत खुर्चीवर बसून क्लॅरिनेट वाजवलं. सत्तर माणसं होती, सगळी बसलेली, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात कागद. हे तुला सगळ्यात आधी सांगतो, कारण तुझ्या बँडमधल्या आठ जणांना आयुष्यभरात कुणी बसायला खुर्ची दिली नाही. मोखाड्याकडे लग्न असलं की सकाळीच जव्हारहून निघायचं, जीपच्या टपावर ढोल बांधायचे, मांडवाबाहेर उन्हात उभं राहायचं, आणि सगळ्यांच्या पंगती उठल्या की मग आपल्याला पत्रावळ. तू तेव्हाही कुरकुर करायचा नाहीस. मला मात्र त्या पत्रावळीची चीड यायची, आणि खरं सांगायचं तर त्या चिडीपायीच मी पोलीस बँडची भरती दिली.

निवृत्त झाल्यापासून ही सिम्फनी ऑर्केस्ट्रावाली मंडळी मला अधूनमधून बोलावतात. सिम्फनी म्हणजे काय हे तुला कसं सांगू? व्हायोलिनच्या कुळातली वाद्यंच चाळीस, त्यांच्यामागे आम्ही फुंकणारे, सगळ्यात मागे ताशासारखी मोठी तांब्याची भांडी, आणि पुढे एक म्हातारा. त्याला कंडक्टर म्हणतात, तिकीट मात्र फाडत नाही. वय ऐंशीच्या पुढे, परदेशातून आलेला, हातात एक काडी आणि बाकी काही नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "हातात वाजाप नाय तो मास्तर कसला?" पण बा, त्याने काडी उचलली की सत्तर माणसं एकदम श्वास घेतात, हे मी पाहिलंय. त्याच्या बाजूला पियानोवर बसणारी बाई तर जगभर गाजलेली, आमच्याकडची मंडळी तिच्याशी बोलताना आवाजसुद्धा खाली आणत होती. बाई बुटकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पायांत लोकरीचे मोजे. तालमीत ती कुणाशी फारसं बोलली नाही. मीही नाही.

मला क्लॅरिनेटच्या दुसऱ्या खुर्चीसाठी बोलावलं होतं. दुसऱ्या खुर्चीचं काम घरच्या पाहुण्यासारखं, वाढलं तेवढं घ्यायचं. पण पहिल्या खुर्चीवाल्याची अक्कलदाढ काढावी लागली, गाल फुगून वांगं झाला, आणि तो फुंकणार कशाने? म्हणून चार दिवस आधी ती जागा माझ्या गळ्यात पडली. आम्ही वाजवणार होतो त्या रचनेच्या मधल्या संथ भागात एक लांबलचक चाल आहे. तेवढा वेळ पियानो नुसती साथ करतो आणि चाल क्लॅरिनेट गातं. म्हणजे ती जगप्रसिद्ध बाई साथीला आणि तुझा मुलगा पुढे. मला थोडा माजही आला, कारण मला वाटलं, आपल्याकडे तुझी विद्या आहे.

ती विद्या चुलीपाशी शिकवलेली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आई फुंकणीनं चूल पेटवतेय, डोळे चोळतेय, आणि तू मला पपईचा पोकळ देठ देऊन पाण्याच्या तांब्यासमोर बसवलं आहेस. देठातून पाण्यात फुंकायचं, गालात हवा राखून ठेवायची, ती ढकलता ढकलता नाकानं श्वास आत घ्यायचा, आणि पाण्यातले बुडबुडे क्षणभरही थांबू द्यायचे नाहीत. "थांबलं तर चाय नाय," तू म्हणायचास, आणि दिला नाहीस हे मला पक्कं आठवतं. आई म्हणाली, "पोराचं कानफाड फुगलं, सोडा त्याला आता." तू सोडलं नाहीस. मी रडत विचारलं, थांबलं तर काय होतं? तू चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "सूर चालू हाय तवर लोक नाचतात, आपून कोणाला दिसत नाय. थांबला का समदी वळून बघतात. मग इचारतात, कोणाचा रं तू?" तेव्हा मला हे कळलं नाही. मोठा झाल्यावर फार नीट कळलं.

तालमीत मी ती सगळी चाल एका दमात वाजवली. कुठे खंड नाही, बुडबुडा थांबला नाही. म्हाताऱ्यानं काडी खाली ठेवली. माझ्या शेजारी ओबो, म्हणजे साहेबी सनई, वाजवणारी एक मुलगी बसते, माझं इंग्रजी बेताचं म्हणून ती समजावून सांगते. ती म्हणाली, "काका, सर म्हणतात फार सुंदर. पण तुम्ही श्वास कुठे घेतलात?" मी नाकाला हात लावला. सगळे हसले, म्हाताराही हसला. मग तो बराच वेळ बोलला. मुलगी म्हणाली, "सर म्हणतात, इथे मध्यभागी थांबा. खरोखर थांबा. तुम्ही थांबलात की पियानो एकटा राहील, लोकांना तो एकटेपणा ऐकू द्या. आणि विचारतायत, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हणालो, "पोलीस बँड."

जीभ कशी पटकन वळली बघ. हे मी पहिल्यांदा केलेलं नाही, आणि तुला ते ठाऊक आहे. आमचं पथक जव्हारच्या मैदानात आलं होतं, मी नवा कोरा गणवेश घालून, तू दोरीपलीकडे गर्दीत हात उंच करून. साहेबांनी विचारलं, ओळखीचे का? मी म्हणालो, "गावातले आहेत." तू ऐकलंस. हात खाली घेतलास. संध्याकाळी घरी आलो तर तू माझे स्वरलिपीचे कागद उलटेपालटे करून पाहत होतास. "यात दम कुठं घेयाचा त्ये पन लिवलंय?" मी म्हटलं, हो, स्वल्पविरामासारखी खूण असते. तू म्हणालास, "मग बरंय. आमाला कोणी लिवून नाय दिलं." तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी इतकी वर्षं हे वाक्य वागवत बसलो नसतो.

कार्यक्रमाला आम्हाला दोन-दोन पास मिळाले होते. मी दोन दिवस ते खिशात घेऊन फिरलो. तुझी सून जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा परदेशात, शेजाऱ्यांना विचारावं तर ते मी सराव करतो म्हणून भिंत बडवतात. शेवटी पास परत केले. सभागृह गच्च भरलं होतं आणि मी कुणाकडेही पाहत नव्हतो, कारण पाहण्यासारखं कुणी नव्हतं.

मग ती चाल आली. मी वाजवत मध्यापर्यंत गेलो आणि थांबलो. बा, मला भीती वाटली. या वयात, पांढऱ्या मिशांनिशी, लहान मुलासारखी भीती. दीड सेकंद असेल. पियानो एकटाच हळूहळू चालला होता, हजार माणसं गप्प, आणि ती बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. मी सगळ्यांना दिसत होतो. कुणी ओरडलं नाही. मी तोंड उघडून साधा, आवाज येईल असा श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा म्हाताऱ्यानं आधी माझ्याकडे बोट केलं. मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतोय. ओबोवाल्या मुलीनं कोपर मारलं, "काका, उठा, तुम्हालाच." मी उठलो.

कपडे बदलल्यावर मी तिला घेऊन त्याच्या खोलीत गेलो. आपणहून गेलो. तो खुर्चीत पाय लांब करून दूध पीत होता. मी म्हणालो, "त्यांना सांग, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. मला वडिलांनी शिकवलं. ते लग्नात वाजवायचे, रस्त्यावर, उभे राहून. नोटेशन येत नव्हतं." एवढं बोलायला मला चाळीस वर्षं लागली आणि तिला इंग्रजीत सांगायला काही क्षण पुरले.

म्हातारा सरळ बसला. त्यानं काहीतरी विचारलं. मुलगी माझ्याकडे वळली. "सर विचारतायत, वडील आज आले होते का?"

मी म्हणालो, "नाही. ते गावी असतात."

"सर म्हणतात, त्यांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी आलो की त्यांना ऐकायचंय."

"सांगतो," मी म्हणालो.

तुला जाऊन बावीस वर्षं झाली. मी त्या भल्या माणसाशी खोटं बोललो, पण या वेळी लाजेपायी नाही. त्या खोलीत कुणीतरी तुझी चौकशी करत होतं आणि ती तिथेच संपवायचं माझ्या जिवावर आलं. तर त्यांचा नमस्कार घे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, एवढं मला कळतं. पण उद्या कुणी विचारलं तरी मी "गावी असतात" असंच सांगणार आहे.