मोटर लावा, व्हॉल्व्ह लावा

जिते,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. दिपू,

आईचा आशीर्वाद. इकडे बाबा बरे, कोंबड्या बऱ्या, मीही बरी. तुझ्या ठाण्याच्या हॉस्टेलात पाणी वेळेवर येतं का ते कळव.

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा उमटवून तू गप्प बसतेस, आणि मला टाइप करताना अर्धं बोलणं राहून जातं. शिवाय आमच्या कोर्सच्या मृणाली मॅडम सांगतात की रोज थोडं हातानं लिहीत जा, परीक्षेत शिफ्टचा रिपोर्ट लिहायचा असतो. काय झालं, कशानंतर काय झालं आणि तिथं कोण हजर होतं, एवढंच लिहायचं. आपलं मत घालायचं नाही. हे शेवटचं मला जमेल असं वाटत नाही, तुला तर माहीतच आहे.

काल संध्याकाळी शेतावर पोपटी लावली. वालाच्या शेंगा यंदा चांगल्या भरल्यात. बाबांनी भांबुर्ड्याचा पाला आणला, मडकं त्यांनीच भरलं आणि जळालं तेव्हा नाव माझं घेतलं. तुझ्या वाटणीची अंडी मी खाल्ली. रागावलेल्या माणसासाठी अंडी कोण राखून ठेवतं?

तुझा मेसेज मी चार वेळा वाचला. "आई, तू शब्द देऊन फिरलीस. माझी सोयरीक तू मोडलीस. रितेश बिचारा संक्रांतीला अलिबागला होता, त्याला यातलं काही माहीतच नाही." रितेशचं मी मागाहून लिहिते. आधी पाण्याचं लिहिते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

तू या कोर्सबद्दल कधी नीट विचारलं नाहीस. "आई कॉलेजात जाते" म्हणून मैत्रिणींना सांगायची तुला लाज वाटते, हे मला कळतं. पेणच्या कॉलेजचा निरंतर शिक्षण विभाग, रोह्याची कंपनी आणि आपल्याकडच्या ग्रामपंचायती यांनी मिळून तो काढलाय. संध्याकाळी वर्ग पेणला, शनिवारी प्रात्यक्षिक रोह्याला. जी बाई पास होईल तिला कंपनी थेट स्वतःच्या पगारावर घेणार, ऑपरेटरची मदतनीस म्हणून. थेट म्हणजे मधे ठेकेदार नाही. आता बारा वर्षं त्याच कंपनीत मी ड्रम पुसते आणि लेबलं चिकटवते ते कुणाच्या ठेक्यावर? हिरामणशेठच्या, तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या. तू आणि रितेशनं एकमेकांना पसंत केलंत तेव्हा शेठ म्हणाले होते, "आता तं विहीणबाईच आमच्या हाताखाली!" सगळे हसले. मीही हसले होते.

तर संक्रांतीआधीच्या शनिवारी कंपनीच्या शेडमध्ये पाहुणे आले होते. मॅनेजर, दोन सरपंच आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत हिरामणशेठ. आम्हाला शिकवायला तिथं एक पंप आणि पाइप जोडून ठेवलेत, आत नुसतं पाणी असतं. साहिल सरांनी मला पुढं बोलावलं आणि ऐटीत म्हणाले, "शकूताई, मोटर लावा, व्हॉल्व्ह लावा!"

मी मोटर लावली, म्हणजे चालू केली. आणि व्हॉल्व्ह लावला, म्हणजे घट्ट बंद केला.

तुला आठवतं ना, भरती चढायला लागली की आजोबा बांधावरून ओरडायचे, "उघाडी लाव गो!" आणि आपण धावत जाऊन बांधातलं ते दार बंद करायचो, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. आपल्याला लहानपणापासून पाण्यापुढं 'लाव' म्हटलं की बंद करायचं एवढंच ठाऊक. साहिल सर नगरकडचे. त्यांच्याकडं विहिरीवर मोटर लावतात आणि उसाला पाणी लावतात. त्यांचं लावणं म्हणजे सोडणं. एका दमात सर दोनदा 'लावा' म्हणाले आणि मी एकदा त्यांचं ऐकलं, एकदा आजोबांचं. मोटर पाणी ढकलत राहिली, पाण्याला जायला वाट नाही. पाइपचा सांधा फाटकन सुटला आणि सगळा फवारा नेमका शेठच्या अंगावर. त्या पांढऱ्या कपड्यांच्या आत काय होतं ते नागोठण्यापर्यंत दिसलं असेल.

कुणाला लागलं नाही. मॅनेजर हसले, सर पांढरेफटक पडले, आणि आम्ही बायका पदर तोंडात कोंबून उभ्या. शेठ मात्र हसले नाहीत. "ह्या बायकांना उघडं नि बंद कळत नाय, ह्यांच्या हातात प्लांट देनार काय?" एवढं बोलून भिजलेलेच गाडीत बसले.

नंतर सर नि आम्ही गोल करून बसलो आणि शोधून काढलं घोटाळा कुठं झाला ते. अष्टमीची जमिला आहे ना आमच्यात, जिचा नवरा कतारला असतो, ती म्हणाली, "दार लाव म्हंजे बंद. दिवा लाव म्हंजे चालू. मंग लगीन लाव म्हंजे काय गो?" सगळ्या सरांकडं बघायला लागल्या. सर बिचारे लग्नाचे आहेत, ते लाजले. शेवटी ठरलं की शेडमध्ये 'लाव' हा शब्दच वापरायचा नाही. 'उघडा' नाहीतर 'बंद करा'. भिंतीवर लाल रंगात लिहूनसुद्धा टाकलं.

एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण तुझा पहिला मेसेज आला, "आई, हात जोडते, शेठची माफी माग." आणि मी गेले गं. संक्रांतीच्या दिवशी नवी साडी नेसून, तिळाचे लाडू घेऊन रोह्याला गेले.

शेठनी लाडू तोंडात टाकला. विहीणबाई म्हणाले नाहीत. म्हणाले, "शकू, माफीनं काय व्हतंय? कपडे कवाचे सुकले. बेस्तरवारी पेनला तुमच्या कोर्सच्या कमिटीची मीटिंग हाय. तिथं उभी र्‍हा नि सांग, आम्हा बायकांना ह्या मशिनींचा काम जमत नाय, आम्हाला शेठचाच काम बरा. तुझ्या तोंडून आला का मॅनेजर ऐकल."

"नि नाय सांगितला तं?"

"पोरगी तुझी हाय. तू बघ."

मी 'व्हय' म्हणाले. तुझ्यासाठी म्हणाले, आणि हे मोठेपणा मिरवायला लिहीत नाही. तुझं मन मोडू नये म्हणून मी तेव्हा काहीही कबूल केलं असतं. परतीच्या गाडीत पेण येईपर्यंत तेच वाक्य मनात घोकत होते, 'आम्हा बायकांना जमत नाही.' पाठसुद्धा झालं.

गुरुवारी कॉलेजच्या हॉलमध्ये सगळे जमले. शेठ त्या कमिटीत 'स्थानिक उद्योजक' म्हणून खुर्चीवर बसतात. मृणाली मॅडमनी वाचलं की महिलांची तुकडी थांबवावी अशी सूचना आली आहे. शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी उठले. मागं जमिला बसली होती आणि आमच्या बाकीच्याही. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला अडकले. 'मला जमत नाही' हे खोटं मी तुझ्यापायी गिळलं असतं दिपू. पण 'आम्हा' हा शब्द काही केल्या बाहेर येईना. जमिलाच्या तोंडचा घास काढायला मला कुणी नेमलं होतं?

मग मी जे बोलले ते तुला शेठकडून तिखटमीठ लावून कळलं असेल, म्हणून माझ्याकडून ऐक. मी म्हणाले, "पाइप माझ्याच हातून सुटला. सरांचा 'लावा' नि माझा 'लावा' येगळा निघाला. तो शब्द आम्ही बदलला. शब्द बदलून भागतंय तिथं बायका कशाला बदलता? हिरामणशेठना मी कबूल केलं व्हतं, का आज जमत नाय म्हनून सांगंन. ते मी सांगनार नाय. आम्हाला जमतंय. परीक्षा घ्या नि बघा."

शेठ ताडकन उठले. "शकू, शब्द दिलायस तू!"

"दिला व्हता. मोडला."

"मंग सोयरीक मोडली समज."

"ती जोडली पोरांनी. तुम्ही नि मी कोन मोडनार?"

  मॅनेजरनी मॅडमशी हळू आवाजात काहीतरी बोलून घेतलं आणि सांगितलं की तुकडी चालू राहील, परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल. जमिलानं माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या गेटवर शेठच्या माणसानं माझा ठेक्याचा पास काढून घेतला. म्हणजे आता मला काम नाही. बाबांना सांगितलं तेव्हा ते कौल बसवत होते. खाली न बघता म्हणाले, "बरा झाला. अभ्यासाला येल भेटंल." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण हा माणूस इतकं चांगलं पहिल्यांदाच बोलला. आमच्यातल्या काही जणी शेठला घाबरून वर्गाला येईनाशा झाल्यात. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण रोज एकीच्या दारात जाऊन बसते आणि चहा पिऊन येते. येतील हळूहळू.

आता रितेशचं.

हे लिहावं की नाही याचा विचार करण्यात माझे तीन दिवस गेले. वाटलं, आपल्या मनासारखं झालं नाही म्हणून आई आता पोराच्या नावानं खडे फोडतेय असं तुला वाटेल. म्हणून मॅडमच्या शिस्तीनं लिहिते. स्थळ: रोहे, शेठच्या घरची पुढची खोली. वार मंगळवार, संक्रांत. हजर: हिरामणशेठ, त्यांची मंडळी, मी आणि रितेश.

तू वाढदिवसाला घेतलेला निळा टी-शर्ट त्याच्या अंगात होता. शेठ मला ते सगळं सांगत होते तेवढा वेळ तो शेजारच्या खुर्चीवर बसून चहात बिस्किट बुडवत होता. एक बिस्किट मोडून कपात पडलं, ते त्यानं चमच्यानं काढलं. मान वर केली नाही. मी निघाले तेव्हा "या काकी" म्हणाला. अलिबागला नव्हता.

मत घालायचं नाही, म्हणून घालत नाही.

सोयरीक मोड असं मी तुला सांगणार नाही. लग्न तुला करायचंय, त्याला विचार, तो काय सांगतो ते तुझ्या कानांनी ऐक. पण मी शेठची माफी पुन्हा मागणार नाही, कोर्स सोडणार नाही आणि तुझ्या लग्नात मान खाली घालून बसणारही नाही. रागव, बोलू नकोस, चालेल. माझी पोरगी आहेस, तुझ्या रागाला घाबरले असते तर तुला एवढं शिकवलंच नसतं. येत्या शनिवारी रोह्याला माझी परीक्षा आहे. तोच पंप, तोच व्हॉल्व्ह. यायचं असलं तर सकाळच्या गाडीनं ये, फक्त पांढरे कपडे घालू नकोस.

आपल्या घराचं दार तुझ्यासाठी उघडं आहे. शेठसाठी बंद आहे. रितेशसाठी काय करायचं ते तू ठरवून कळव. नुसतं 'लाव' म्हणून पाठवू नकोस. उघड म्हण, नाहीतर बंद कर म्हण.

परीक्षेला बसलेली,
तुझी आई
शकू