घड्याळवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत

३ सप्टेंबर

आलो एकदाचे! तिसरा मजला, दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर आणि नळाला दिवसभर पाणी. बायकोने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. कुणी येऊन हे काढून तर नेणार नाही ना, असा तिचा चेहरा. लेकीने गॅलरीचा एक कोपरा आपल्या नावावर करून घेतला आणि तिथून खालचा बसथांबा दिसतो हे सगळ्या इमारतीला ओरडून सांगितलं. सामान चढवताना बायकोच्या चपलेचा अंगठा तुटला. ती एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी अशी वर आली, आणि दर पायरीला माझा उद्धार करत आली. तेव्हाही हसत होती म्हणा.

नाटक कंपनी बुडाल्यापासून सासरेबुवा ‘नाटक्याला मुलगी देण्यापेक्षा विहीर बरी’ असं चारचौघांत म्हणायचे. आता म्हणा म्हणावं! सरकारी नोकरी, सरकारी घर. हुद्दा ‘प्रत्यक्षदर्शी’. बायकोने विचारलं, तुम्ही नेमकं पाहिलंत तरी काय? मी म्हटलं, ते उद्या सांगणार आहेत.

५ सप्टेंबर

मोठ्या चौकाला लागूनच ‘शांतता दालन’ आहे. गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, भिंतीवर हसऱ्या गर्दीचे फोटो. बारा वर्षांपूर्वी या चौकात जे घडलं, किंवा दालनाच्या साहेबांच्या मते जे घडलं नाही, ते शाळेच्या मुलांना सांगायचं, हे माझं काम. त्या दिवशी मी इथून पार लांब, दुसऱ्याच गावी, एका ऐतिहासिक नाटकात भालदार म्हणून उभा होतो. हे मी मुलाखतीतच सांगितलं होतं. त्यावर साहेब खूश झाले.

दालनाचे तालीम मास्तर हे एके काळी नाटकातलेच. वाळलेला माणूस, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी संहिता दिली. विद्यार्थी आणि कामगार जमले, सरकारने मागण्या ऐकून घेतल्या, सगळ्यांनी गाणी म्हटली, आणि दिवेलागणीला हसतखेळत घरी गेले. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मग चौक तीन दिवस बंद ठेवून का धुतला, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, कबुतरं फार होती.

पूर्वी खरोखर चौकात असलेली माणसं या कामाला ठेवून पाहिली म्हणे. ती अडखळतात, मध्येच गप्प होतात, रडतात. नसलेला माणूस सफाईदार बोलतो. हे मला पटलं. मी राजाही चांगला करायचो, आणि मी कुठे राजा होतो?

९ सप्टेंबर

मास्तरांचं म्हणणं, संहिता कितीही चोख असली तरी तिच्यात आपल्या पदरचं एक बारीकसं काहीतरी घालावं, म्हणजे ऐकणाऱ्याला खरं वाटतं. मी तिथल्या तिथे एक मुलगी उभी केली. सोळा-सतरा वर्षांची, एक वेणी सुटलेली, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला. ती चप्पल मी हातात घेतली आणि तिच्याबरोबर बोलत बोलत चौकाबाहेरच्या घड्याळवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. फलक रंगवल्यामुळे तिच्या बोटांना लाल रंग लागला होता.

मास्तरांनी लगेच हात वर केला. लाल नको. निळा कर. केला निळा, माझ्या बापाचं काय जातं?

१२ सप्टेंबर

पहिला प्रयोग झाला. प्रयोगच म्हणायचा तो. चपलेपाशी आलो तेव्हा मागच्या बाकावरच्या शिक्षिकेने डोळ्याला पदर लावला. साहेबांनी पाठ थोपटली आणि म्हणाले की असा प्रत्यक्षदर्शी या दालनाला मिळाला नव्हता. किती वर्षांनी टाळ्या ऐकल्या! घरी येऊन बायकोला तिच्या चपलेबद्दल धन्यवाद दिले. ती म्हणाली, चप्पल मी तोडली, तर पगारातला वाटा कुठे आहे?

१७ सप्टेंबर

आज प्रयोगानंतर एक साठीची बाई थांबून राहिली. इथे सगळे तिला शिवणवाल्या बाई म्हणतात. पलीकडच्या गल्लीत मशीन घेऊन बसते. पहारेकरी तिला हाकलतच होता, पण साहेबांनी येऊ दे म्हणून खूण केली. ती माझ्यासमोर आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली की तुम्ही सांगता ती माझी मुलगी.

मी गोड हसलो. प्रेक्षक असे भेटतात कधी कधी. मग ती म्हणाली, वेणीचं बरोबर आहे, उजवी वेणी तिची नेहमी सुटायची. चपलेचंही बरोबर. फक्त बोटांचा रंग तुम्ही विसरलात. निळा नव्हता, लाल होता.

लाल हा शब्द मी एकदाच उच्चारला होता, बंद खोलीत, मास्तरांपुढे.

बाई बारा वर्षं एकच सांगत आली आहे, की माझी पोर चौकातून बाहेर आलीच नाही, तिचा देह मला द्या. बाकी सगळ्यांनी तक्रारी मागे घेतल्या, हिने नाही. आज मात्र तिला आशा लागली. तिने विचारलं, कोपऱ्यावरून ती कुठल्या बाजूला वळली? चांगली होती ना?

तेव्हाच मला म्हणता आलं असतं, की बाई, मी नाटकी माणूस, ही मुलगी मी बायकोच्या चपलेवरून रचली. साहेब माझ्या मागे उभे होते. मी म्हटलं, चांगली होती. कोपऱ्यापर्यंत मी होतोच बरोबर. पुढचं माहीत नाही.

माझीच मला लाज वाटते.

२० सप्टेंबर

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर माझा फोटो. ‘ती चौकातून सुखरूप गेली होती.’ खाली लिहिलंय की शिवणवाल्या बाईने बारा वर्षं खोटी आवई उठवून देशाची बदनामी केली, आणि तिच्यावर खटला भरला जाईल. शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं. सासरेबुवांचा फोन आला, जावईबापू म्हणाले! लग्नानंतर पहिल्यांदा.

बायकोने पेपर वाचून घडी घातली आणि विचारलं, यातली चप्पल माझी ना? मी हो म्हटलं. ती आत गेली.

२३ सप्टेंबर

कामावरून परत येताना, चांगलं ऊन असताना, ती मला दिसली. घड्याळवाल्याच्या कोपऱ्यावर.

एक वेणी सुटलेली, डावा पाय अनवाणी. लोक तिच्या बाजूने जात होते, कुणी बघत नव्हतं. अंगावरचे कपडे ओले, पायाखाली ओल पसरलेली. ती कशाची वाट बघतेय असं वाटलं नाही. खेळात ‘थांब’ म्हटल्यावर मुलं थांबतात तशी थांबली होती. मी जवळून गेलो तशी तिने मान वळवली आणि हात पुढे केला. बोटं लाल होती.

मी पळालो. चाळिशीतला माणूस, भर बाजारात, पिशवी टाकून.

२४ सप्टेंबर

मास्तरांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत खाली बसले. म्हणाले की तू तिला जिथवर आणलंस तिथवर ती आली. आता एक पाऊलही पुढे सांगू नकोस. तुझ्या आधीच्याने एका पोराला थेट आपल्या दारापर्यंत आणलं होतं.

मी विचारलं, मग त्याने काय केलं? म्हणाले, घाबरून सगळं परत घेतलं, की तो पोरगा बाहेर पडलाच नाही म्हणून. पोरगा गेला परत चौकात, आत. पण सांगताना हा त्याच्याबरोबर चालत होता ना. मग हा तरी बाहेर कसा राहील?

त्या माणसाचं नाव विचारलं. मास्तरांनी दाराकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले की तुझ्याआधी या जागेवर कुणी नव्हतं.

२७ सप्टेंबर

पुढे सांगायचं नव्हतं. पण पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने विचारलं, काका, मग ती एका चपलेने घरी कशी गेली? साहेब बघत होते. सवयीने तोंडातून निघून गेलं, बसने गेली, मी तिला थांब्यापर्यंत सोडलं.

संध्याकाळी लेक गॅलरीतून कुणाला तरी हात करत होती. खाली बसथांबा. तिथे ती.

लेकीला मी ओढून आत घेतलं तर ती रडली. म्हणाली, ताई चांगली आहे. बाबांबरोबर चालत आले असं सांगते.

१ ऑक्टोबर

कोर्टात साक्ष. शिवणवाल्या बाईला बाकावर बसवलं होतं, दोन पोलिसांमध्ये. ठरवून गेलो होतो की खरं सांगायचं. सकाळी साहेबांनी घराच्या किल्ल्यांबद्दल सहज विचारलं होतं, नवीन कुलूप नीट चालतं ना म्हणून. बस, तेवढंच.

न्यायाधीशांनी विचारलं, मुलगी घरी पोहोचली का? मी हो म्हटलं. दारात सोडलं का? हो.

बाईने मला शिव्याशाप दिले असते तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, तेव्हा मी घरीच होते, मग मला कशी दिसली नाही? न्यायाधीश म्हणाले, ते तुम्हीच सांगा. तोवर तिला कोठडीत टाकलं. निकाल सोमवारी. म्हातारपण तुरुंगात जाईल, असं वकील बाहेर बोलत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि मी कापला, टाळीचं वाक्य म्हणावं तसा.

२ ऑक्टोबर

बाईच्या घरावरून गेलो. सील ठोकलंय. दारासमोर ओल होती, अनवाणी डाव्या पायाचा ठसा. दारापर्यंत. मग वळलेला.

घर बंद — मग ती ज्याने सोबत केली त्याच्याकडे —

३ ऑक्टोबर

जिन्यात पाणी. बायको म्हणते, तुमचेच पाय ओले, पुसून येत जा. एक पाय चपलेचा आणि एक अनवाणी हे तिला दिसत नाही. की बघत नाही?

ती दुसऱ्या मजल्यावर आहे.

४ ऑक्टोबर

दाराबाहेर. माझ्याशी बोलत नाही. लेक दाराला कान लावून बसते आणि खुदखुदते. विचारलं तर सांगते, ताई म्हणते, तूपण ये चौकात, तिथे खूप जण आहेत.

नाही. लेक नाही.

मास्तरांकडे गेलो. दालनात म्हणाले, असं कुणी मास्तर इथे नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर नवीन माणूस. लाल नको, म्हणाला.

५ ऑक्टोबर, रविवार

उद्या निकाल. कळतंय सगळं. मी साक्ष परत घेतली तर बाई सुटेल. मुलगी दारातून जाईल, लेक वाचेल. आणि मी तिच्याबरोबर चालत होतो. दीडशे मुलांसमोर सांगितलंय, कोर्टात शपथेवर सांगितलंय. ती आत, तर मीही आत.

बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकलं. कधी नव्हे ते माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, चप्पल माझी होती, निदान तेवढं तरी खरं लिहा. मग दोघं रडलो. कसली माझी गुणी बायको, आणि काय हे माझ्यासारख्याच्या वाट्याला —

जबाब लिहून सही करून वकिलाकडे पाठवला. बायकोच घेऊन गेली. लेकीलाही नेलं. आता परत घेता येणार नाही.

तरी इथेही लिहितो. ‘मी चौकात नव्हतो’ असं लिहायला बसलो होतो. हात ते लिहीत नाही. कारण आठवतंय. भालदाराचा अंगरखा आठवत नाही, नाटकाचं नाव आठवत नाही. चौक आठवतो. गाणं चालू होतं. मग चारही रस्त्यांवर गाड्या आडव्या लागल्या. आधी पाण्याचे फवारे. लोक हसले, उकाडा होता —

मग हसणं थांबलं

बायको परत आली. किल्लीचा आवाज. लेकीला विचारते, आपण दोघीच कशा इतकी मोठी जागा घेऊन राहिलो गं इथे? मी हाक मारली. पुन्हा मारली. दोघी माझ्या बाजूने गेल्या, पायाखाली पाणी बघून बायको म्हणाली, नळ गळतोय वाटतं

ती खोलीत आली आहे. हात पुढे. रागावलेली नाही. सोळा वर्षांची आहे हो, भ्यालेली आहे

लिहितो. शिवणवाल्या बाईंची मुलगी त्या दिवशी चौकातून बाहेर पडली नाही. बोटांना लाल रंग होता. लालच. तिने माझा हात धरला, काका सोडू नका म्हणाली, आणि मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, कोपरा आलाच, आपण दोघं आता